दुसऱ्यांच्या दाव्यात तुम्हाला प्रतिवादी केलंय? नाव वगळून घेण्याची पद्धत, पायरी-पायरीने

सौदा पावतीवर साक्षीदार म्हणून सही केली, व्यवहारात मध्ये बसून बोलणी केली, किंवा नुसता बांधाला बांध लागून आहे, एवढ्यावरून भलत्याच्या दाव्यात प्रतिवादी नं. ४ व्हायची वेळ खानदेशात पुष्कळांवर येते. इकडे जमिनीचे दावे जास्त, आणि वादीचा वकील पुढे तांत्रिक हरकत नको म्हणून दिसेल त्याला आत घेऊन टाकतो. ‘माझा काय संबंध?’ हा प्रश्न रास्त आहे, पण कोर्ट तो वेगळ्या तऱ्हेने विचारतं: वादपत्रात (वादीच्या दाव्याच्या लेखी अर्जात) या माणसाकडून काही मागितलंय का, आणि हुकूमनामा (दाव्याचा अंतिम निकाल) नीट करायला हा लागतोच का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तुमचं नाव वगळलं जाऊ शकतं. तुम्ही किती सज्जन आहात, वादी किती लबाड आहे, याचा इथे उपयोग नाही.

हा लेख दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ खालच्या दाव्यांपुरता आहे. वहिवाटीचा रस्ता अडवल्याचा अर्ज तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली चालू असेल, तर त्याची पद्धत वेगळी.

## १. समन्स घ्या आणि तारीख लिहून ठेवा

बेलिफ आला की ‘माझा संबंध नाही, मी घेत नाही’ म्हणणं ही सगळ्यात महागडी चूक. घ्यायला नकार दिला तर बेलिफ समन्स दाराला चिकटवतो, तसा अहवाल देतो आणि कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं. पुढे एकतर्फी हुकूम होतो आणि मग आधी तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज.

समन्ससोबत वादपत्राची प्रत आलीच पाहिजे. आली नसेल तर पहिल्याच तारखेला तसं लेखी द्या आणि प्रत मागा. समन्स मिळाल्याची तारीख पाकिटावरच पेनने लिहा. कैफियतीचे, म्हणजे वादपत्राला तुमचं लेखी उत्तर देण्याचे, ३० दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, कोर्टात पहिल्यांदा हजर झालेल्या तारखेपासून नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नंदुरबार, साक्री, शिरपूर भागातल्या आदिवासी पक्षकारांना हा हक्क आहे, पण माहीत नसल्याने कितीतरी जण मागतच नाहीत.

## २. वादपत्र पेन्सिल घेऊन वाचा

पूर्ण वादपत्र वाचताना तीन गोष्टींवर खूण करा.

पहिली: ‘प्रतिवादी नं. ४’ असा तुमचा उल्लेख कुठल्या कुठल्या कलमात आहे. पुष्कळदा तो शीर्षकात एकदा आणि मजकुरात एकदा, एवढाच असतो.

दुसरी: दाव्यास कारण कधी, कुठे घडलं ते सांगणारं कलम. तिथे तुमच्या कुठल्या कृतीची तारीख दिली आहे का ते बघा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: शेवटची विनंती, म्हणजे वादीने कोर्टाकडे काय मागितलंय ते. इथे एक वाक्य नेहमी फसवतं: ‘प्रतिवादी नं. १ ते ४ यांनी खरेदीखत करून द्यावे.’ वरवर पाहता तुमच्याकडूनही मागणी आहे. पण जमीन सात-बाऱ्यावर प्रतिवादी नं. १ च्या एकट्याच्या नावावर असेल, तर नं. ४ खरेदीखत करून देणार कशाचं? अशी ढोबळ, सगळ्यांना एका दावणीला बांधणारी मागणी ही तुमच्या अर्जाची सगळ्यात भक्कम बाजू ठरते.

‘संगनमत करून’ हा शब्द दिसला तर त्याच्याखाली दोन रेघा मारा. लबाडी, फसवणूक असा आरोप करायचा तर त्याचा तपशील वादपत्रातच द्यावा लागतो, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ६ रूल ४ सांगतो. कोणी, कधी, काय केलं हे नसेल आणि नुसतं ‘सर्व प्रतिवादींनी संगनमत करून’ एवढंच असेल, तर युक्तिवादात हे पहिल्यांदा दाखवायचं.

## ३. तुम्ही खरंच सुटू शकता का, हे आधी ठरवा

इथे वेळ घालवा. जिथे सुटका नाही तिथे अर्ज केला तर तो नामंजूर होतो, सहा-आठ महिने जातात आणि विरुद्ध बाजूला तुमचं सगळं म्हणणं आधीच कळतं.

सुटण्याची चांगली शक्यता असलेले:

- सौदा पावतीवरचा निव्वळ साक्षीदार. साक्षीदाराची सही म्हणजे मजकूर मान्य असल्याची किंवा जबाबदारी घेतल्याची सही नव्हे. त्याला साक्षीला बोलावता येतं, त्यासाठी प्रतिवादी करायची गरज नसते.
- मालकाचं नाव उघड करून त्याच्यातर्फे व्यवहार करणारा एजंट. करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे तो सहसा व्यक्तिशः बांधला जात नाही. मात्र ज्याच्यासाठी व्यवहार केला त्याचं नावच सांगितलं नसेल, तर उलट गृहीत धरलं जातं. कापूस, केळीच्या व्यवहारात तोंडी बोलून स्वतःच्या नावाने काटा पट्टी फाडणारे इथे अडकतात.
- दोघांमधल्या करारपूर्तीच्या (ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या, अशा) दाव्यात, त्या जमिनीवर स्वतंत्र हक्क सांगणारा तिऱ्हाईत. कस्तुरी विरुद्ध अय्यामपेरुमल या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करारपूर्तीच्या दाव्याचं रूपांतर मालकी हक्काच्या भांडणात करता येत नाही.
- सात-बाऱ्यावरच्या नोंदीत दुरुस्ती करा, एवढ्याच मागणीसाठी ओढलेले शासन व महसूल अधिकारी. अशा मागणीचा दावा त्यांच्याविरुद्ध चालत नाही, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५८ स्पष्ट सांगतं.

ज्यांनी नाद सोडावा असे:

- वाटपाच्या दाव्यातले सहहिस्सेदार. बहीण, आत्या म्हणतात, ‘आम्हाला काही नको, आमचं नाव काढा.’ नाव निघत नाही, कारण सगळे हिस्सेदार असल्याशिवाय वाटपाचा हुकूमनामाच होत नाही. हिस्सा नको असेल तर तसं कैफियतीत लिहा किंवा रीतसर नोंदणीकृत हक्कसोड करा. नाव काढण्याचा अर्ज हा त्याचा मार्ग नव्हे.
- सौदा झाल्यानंतर तीच जमीन खरेदी केलेला. करारपूर्तीच्या हुकूमनाम्यात त्यालाही खरेदीखतात सामील व्हायला सांगतात, म्हणून तो लागतोच.
- दावा चालू असताना जमीन घेतलेला. बाहेर पडलात तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मुळे निकाल तुमच्यावर बंधनकारकच. मग आत राहून बाजू मांडलेली बरी.
- कर्जाचा जामीनदार. त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच (करार कायदा, कलम १२८). ‘मी फक्त सही केली’ इथे चालत नाही.
- ज्याच्याबद्दल ‘याने इसाराचे पैसे घेतले’ किंवा ‘याने बांध फोडला’ असं नेमकं कथन आहे. ते खोटं असेल, पण खरं-खोटं पुराव्यानंतर ठरतं, अर्जावर नाही.

## ४. आधी वादीच्या वकिलालाच विचारून बघा

स्वस्तातली वाट हीच, आणि पुष्कळांना ती सुचतच नाही. ऑर्डर २३ रूल १ प्रमाणे वादी कुठल्याही एका प्रतिवादीपुरता दावा सोडून देऊ शकतो. त्यासाठी त्याने एक पुरशिस (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन) दिली की काम भागतं. वादीच्या वकिलाला लेखी कळवा: आमच्याविरुद्ध अमुक कलमाव्यतिरिक्त कथन नाही, मागणी पूर्ण होण्यासारखी नाही, तरी नाव वगळावं, अन्यथा खर्चासह अर्ज करू.

दोन सापळे आहेत. पुरशिसमध्ये ‘पुन्हा दावा करण्याची मुभा राखून’ असे शब्द आहेत का ते वाचा. कोर्टाने ती मुभा दिली तर वादी तुमच्यावर नवा दावा आणू शकतो, नसेल तर त्याच विषयावर आणू शकत नाही. आणि वादी एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची संमती लागते. मोठ्या भावाने एकट्याने सही करून दिलेल्या पुरशिसवर विसंबू नका. वाद्यांत कोणी अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर कोर्टाची परवानगीही लागते.

## ५. अर्ज कुठल्या नियमाखाली करायचा

सगळ्यात जास्त अर्ज इथे पडतात.

ऑर्डर १ रूल १०(२) हा तुमचा मुख्य नियम. गैरवाजवी सामील केलेल्या पक्षकाराचं नाव कोर्ट दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर, अर्जावर किंवा आपणहून, वगळू शकतं. पण ‘कुठल्याही टप्प्यावर’ या शब्दांवर निर्धास्त राहू नका. रूल १३ म्हणतो की अशी हरकत शक्य तितक्या लवकर आणि मुद्दे काढण्यापूर्वी (कोर्ट निकालासाठीचे प्रश्न ठरवण्यापूर्वी) घ्यायची, नाहीतर ती सोडून दिली असं समजलं जाईल.

ऑर्डर ७ रूल ११ म्हणजे वादपत्र नामंजूर करण्याचा अर्ज. नाव भारदस्त वाटतं म्हणून सगळे हाच करतात. इथे मोठा खड्डा आहे: वादपत्र नामंजूर होतं ते अख्खं, नाहीतर होतच नाही. माधव प्रसाद अग्रवाल विरुद्ध अ‍ॅक्सिस बँक या २०१९ च्या निकालात एकट्या बँकेला बाहेर पडायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका प्रतिवादीपुरतं वादपत्र नामंजूर करता येत नाही. तेव्हा इतर प्रतिवादींविरुद्ध दावा चालण्यासारखा असेल तर रूल ११ चा अर्ज तुमच्या कामाचा नाही. दावाच मुळात मुदतबाह्य किंवा कायद्याने वर्जित आहे, किंवा कोणाविरुद्धच कारण दिसत नाही, तेव्हाच तो करा. त्यातही कोर्ट फक्त वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रं बघतं. तुमची कैफियत, तुमचे पुरावे बाजूला राहतात.

ऑर्डर ६ रूल १६ खाली वादपत्रातला अनावश्यक, बदनामीकारक किंवा त्रास देण्यापुरता मजकूर काढून टाकता येतो. नाव राहिलं तरी चालेल पण कलम ९ मधली शिवराळ वाक्यं नकोत, अशा वेळी हा.

ऑर्डर १४ रूल २. तुमच्यापुरता दावा कायद्याने वर्जित असेल, तर हरकत कैफियतीत घेऊन त्यावर प्राथमिक मुद्दा काढायची मागणी करा.

आणखी एक. टायपिंगवाल्यांकडच्या जुन्या नमुन्यांत अजून ‘कलम ९अ’ सापडतं. संहितेतलं महाराष्ट्रापुरतं असलेलं ते कलम २०१८ मध्ये वगळलं गेलं. नमुना उचलताना ते काढा.

## ६. लागणारे कागद

- समन्स, वादपत्र आणि वादीने दिलेल्या कागदांच्या प्रती
- वकीलपत्र (वकील लावला असेल तर) आणि आधार कार्डाची प्रत
- वादातल्या गटाचा चालू सात-बारा आणि संबंधित फेरफार. तुमचं नाव नाही हे दाखवायला.
- ज्या कागदामुळे तुम्हाला ओढलं त्याची प्रत, म्हणजे सौदा पावती किंवा खरेदीखत. सूची दोनचा (नोंदणी कार्यालयातल्या दस्त-नोंदीचा) उतारा मिळाला तर उत्तम, खरेदीदार-विक्रेता कोण ते त्यात नावानिशी असतं.
- अर्ज, त्यासोबतचं शपथपत्र आणि कागदांची यादी
- प्रत्येक विरुद्ध पक्षकारासाठी एक जादा संच
- कोर्ट फी स्टँप. दर बदलतात, दाखल करायच्या दिवशी कोर्टात विचारून लावा.

## ७. अर्ज लिहिणे

तालुक्याच्या कोर्टात मराठी अर्ज चालतो. दोन पानं पुरे. शीर्षकात कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर (रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर किंवा स्पे.मु.नं. म्हणजे स्पेशल मुकदमा नंबर), पक्षकारांची नावं, पुढची तारीख. मग मजकूर साधारण असा:

*‘१. वादीने सदरचा दावा गट नं. …… या मिळकतीबाबत कराराची विशिष्ट पूर्तता मिळण्यासाठी दाखल केला आहे.*

*२. वादपत्राचे कलम ६ मध्ये या प्रतिवादीने सौदा पावतीवर साक्षीदार म्हणून सही केल्याचे कथन आहे. त्याव्यतिरिक्त या प्रतिवादीविरुद्ध कोणतेही कथन नाही.*

*३. सदर मिळकतीत या प्रतिवादीचा हक्क, हितसंबंध अगर ताबा नाही. सौदा पावतीप्रमाणे मोबदला या प्रतिवादीस मिळाल्याचे वादीचे म्हणणे नाही.*

*४. या प्रतिवादीच्या गैरहजेरीत दाव्यातील वादविषयाचा पूर्ण व परिणामकारक निर्णय होऊ शकतो. सबब हा प्रतिवादी आवश्यक अगर योग्य पक्षकार नाही.*

*विनंती: या प्रतिवादीचे नाव ऑर्डर १ रूल १०(२) अन्वये वगळण्यात यावे, वादपत्रात त्याप्रमाणे दुरुस्ती करण्याचा वादीस हुकूम व्हावा व अर्जाचा खर्च मिळावा.’*

कलम ४ मधले ‘आवश्यक अगर योग्य’ हे दोन्ही शब्द ठेवा. आवश्यक पक्षकार म्हणजे ज्याच्याशिवाय हुकूमनामाच होत नाही असा, योग्य पक्षकार म्हणजे जो असला तर वाद पुरता मिटायला मदत होते असा. फक्त ‘आवश्यक नाही’ लिहिलंत तर वादी म्हणेल, ‘नसेल आवश्यक, पण योग्य तर आहे,’ आणि अर्ज तिथेच अडेल.

लिहू नये असं: ‘सौदा पावतीच खोटी आहे’, ‘प्रतिवादी नं. १ ने पैसे घेतलेच नाहीत’. ज्याचा संबंध नाही तो माणूस व्यवहाराची आतली माहिती देऊ लागला की संबंध त्याने स्वतःच दाखवून दिला.

खोट्या, त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल संहितेच्या कलम ३५अ खाली भरपाईचा खर्चही मागता येतो, पण त्याची मर्यादा ३,००० रुपये. फार आशा ठेवू नका.

## ८. कैफियत थांबवू नका

‘अर्ज दिलाय, त्याचा निकाल लागल्यावर कैफियत देऊ’ या भरवशावर राहिलेल्यांचं नुकसान ठरलेलं. अर्जाने मुदत आपोआप थांबत नाही. ३० दिवस, आणि कोर्टाने कारण नोंदवून वाढ दिली तर ९० दिवसांपर्यंत. नेहमीच्या दाव्यात त्यापुढेही कोर्ट अपवादाने घेतं, पण खर्च बसवून. व्यापारी दावा असेल (कापूस, जिनिंग, यंत्रसामग्रीच्या व्यवहारांत ३ लाखांपासून पुढे तसा असू शकतो) तर १२० दिवसांनंतर कैफियत घेतलीच जात नाही.

वादपत्र नामंजूर करण्याचा अर्ज प्रलंबित असताना कोर्टाने आधी तो ठरवावा, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. पण हुकलेली कैफियत परत मिळवायला तो अर्ज वापरता येणार नाही, हेही आर. के. रोजा विरुद्ध यू. एस. रायुडू (२०१६) मध्ये सांगितलंय. म्हणून ‘नाव वगळण्याच्या अर्जाच्या हक्कास बाध न येता’ असं पहिल्या ओळीत लिहून एक छोटी कैफियत देऊन टाका. त्यातही चुकीच्या पक्षकाराची हरकत घ्या. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज असेल तर त्याला वेगळं म्हणणं द्यावं लागतं, तेही विसरू नका.

## ९. ‘से’, युक्तिवाद, हुकूम

अर्ज दिला की त्याला निशाणी नंबर पडतो आणि त्यावर वादीला म्हणणं (कोर्टाच्या भाषेत ‘से’) देण्याचा हुकूम होतो. वादी तारखा घेत राहतो. दोन-तीन तारखा झाल्या की ‘वादीच्या से शिवाय अर्ज चालवावा’ असा लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) येत नाही.

वादीचं ठरलेलं उत्तर असतं: ‘कोणावर दावा करायचा हे मी ठरवणार.’ ते तत्त्व खरं आहे, पण रूल १०(२) चा अधिकार नेमका त्याच्यावरचा अंकुश आहे. दुसरं उत्तर जास्त अवघड: ऑर्डर १ रूल ७ प्रमाणे, दाद कोणाकडून मागायची याबद्दल शंका असेल तर वादी अनेकांना सामील करू शकतो. त्यावर विचारायचं की अशी शंका असल्याचं वादपत्रात कुठल्या कलमात लिहिलंय? बहुतेक वेळा कुठेच नसतं.

युक्तिवादाला वादपत्राची खुणा केलेली प्रत हातात ठेवा आणि कलम नंबर सांगूनच बोला. दहा मिनिटांचं काम आहे.

अर्ज मंजूर झाला तर हुकमाच्या नक्कलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा. मग वादीने वादपत्रावर प्रत्यक्ष दुरुस्ती केली का ते पुढच्या तारखेला तपासा. हुकमात मुदत नसेल तर सहसा १४ दिवसांची धरतात. सीएनआर नंबर (दाव्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरही बघा. तिथे नाव तसंच राहिलं की पुढे कर्ज काढताना बँकेचा पॅनेलवरचा वकील बोट ठेवतो. अशा वेळी नक्कल जोडून नोंद दुरुस्तीचा साधा अर्ज द्यायचा. नाव वगळलं म्हणजे गुणदोषांवर निकाल लागला असं नाही. साक्षीचं समन्स येऊ शकतं, आणि ते आलं तर जावंच लागतं.

नामंजूर झाला तर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहे. नाव वगळण्याच्या अर्जावरच्या हुकमाला तिथे संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिकेने आव्हान देतात. ऑर्डर ७ रूल ११ चा अर्ज नामंजूर झाला तर सहसा दिवाणी पुनरीक्षण अर्ज, आणि वादपत्र नामंजूर झालं तर तो हुकूमनामा समजला जातो म्हणून वादीला अपील. याचिका दाखल केली म्हणजे खालच्या कोर्टातलं काम थांबलं असं होत नाही. स्थगिती वेगळी मागावी आणि मिळवावी लागते, तोवर इथल्या तारखांना हजर राहायचं. याचिकेचा खर्च आणि हेलपाटे बघता, दावा लहान असेल तर तो मार्ग न धरता कैफियतीवर लढलेलं परवडतं. मुद्दे काढताना ‘प्रतिवादी नं. ४ हा गैरवाजवी पक्षकार आहे काय?’ हा मुद्दा मात्र आग्रहाने घालून घ्या.